डाव्या कानातलं शेवटचं वाक्य

आमच्या कारखान्यात कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून मला ऐकू येत नाही हे कळायला लई उशीर झाला.

चादरीच्या मागावर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. ज्यांचं घर मागांच्या शेडजवळ असेल त्यांना तो खडखडाट माहीत आहे, पण भिंतीच्या बाहेरून. आत उभं राहिलं की तो बरगड्यांत ऐकू येतो. तिथं बोलायचं म्हणजे ओठ हलवायचे आणि हात हलवायचे. घसा ताणून उपयोग नसतो, नवीन आलेलाच ताणतो आणि आठवड्यात गप होतो. समोरच्याचं बोलणं कळलं की आपण दोन बोटं छातीवर टेकवायची. म्हणजे पोचलं. नाही कळलं तर पंजा पालथा करायचा. चहा, सुट्टी, धागा तुटला, मालक आला, मालकाचा मेहुणा आला, सगळ्याला खुणा आहेत. मेहुण्याची खूण इथं सांगण्यासारखी नाही.

शेजारच्या मागावर नरसय्या. त्याच्या घरची भाषा तेलुगू. इतकी वर्षं समोरासमोर काढल्यावर मला त्याच्या ओठांवरची तेलुगू वाचता येते. पण तोच नरसय्या बाजारात भेटला आणि तीच भाषा आवाज काढून बोलला तर मला ओ की ठो कळत नाही. लोक हसतात हे ऐकून. हसू देत, खरं आहे ते.

हे आधी सांगायचं कारण असं, की माझ्यासारखा माणूस बहिरा होत गेला तर त्याला पत्ता लागत नाही. दिवसाचे बारा तास मी जिथं होतो तिथं कानाचं काही कामच नव्हतं. डोळे शाबूत होते. माझं सगळं बरं चाललंय असं मला वाटत होतं.

तेल

उजवा कान लहानपणीच गेला. आम्ही मूळचे मंद्रूपचे. विहिरीत पोहून आलं की कान वाहायचा, त्याला आमच्याकडं कान फुटला म्हणायचे आणि फारसं मनावर घ्यायचे नाहीत. आई तेलात लसूण कडवायची, कोमट झालं की कानात सोडायची आणि वर कापसाचा बोळा. गावातली प्रत्येक आई तेच करत होती, त्यात माझ्या आईला काय बोल लावायचा. कान वाहायचा थांबला, आणि ऐकायचाही थांबला. एका कानावर सगळं भागतं म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

डावा वाहायला लागला तेव्हा मी पन्नाशीकडं झुकलो होतो. मीही तेच केलं. लसूण, तेल, कापूस. उशीच्या अभ्र्याला घाण वास यायला लागला, सुमननं अभ्रा वेगळा धुवायला काढला. सुमन म्हणजे माझी बायको. मग अधूनमधून माग फिरल्यासारखा वाटायचा, म्हणजे मीच फिरायचो. मी खांबाला धरून उभा राहायचो आणि नरसय्या पाण्याची खूण करायचा. पित्त असेल म्हणून मी सोडून दिलं.

जे कुणी कान वाहतोय म्हणून तेल घालून बसलेत त्यांना हात जोडून सांगतो, घालू नका. दुखत नसला तरी वास येतोय का बघा आणि कानाच्या डॉक्टरकडं जा. माझा कान शेवटपर्यंत दुखला नाही. दुखला असता तर मी लवकर गेलो असतो.

"येतो की"

घर आमचं दोघांचंच. एकुलती मुलगी ज्योती वैरागला दिलेली. लग्न झाल्यापासून आमच्या घरात एक रीत होती. मी पाळीला निघालो की सुमन ओट्याकडं तोंड करूनच, मागं न बघता म्हणायची, "लवकर या." मी चपला चढवता चढवता म्हणायचो, "येतो की." पाळी काही माझ्या बापाची नव्हती, लवकर यायचा प्रश्नच नव्हता. पण तिनं म्हणायचं आणि मी म्हणायचं, मग दार ओढायचं.

हे कधी बंद पडलं मला सांगता येत नाही. एक दिवस ध्यानात आलं की बाई काही म्हणतच नाही. मी दारात जरा रेंगाळलो. ती पाठमोरी भाकरी थापत होती. मी वाट बघितली, मग मीही काही न बोलता निघालो. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. रुसली असेल तर रुसू दे, आपण कशाला विचारायचं, असं मनात धरून मी कारखान्यात गेलो.

तिच्या बाजूनं काय झालं होतं ते फार पुढं ज्योतीनं सांगितलं. सुमन म्हणतच होती. कितीतरी दिवस रोज म्हणत होती आणि मी तोंडातून शब्द न काढता दार ओढून जात होतो. तिला वाटलं, या माणसाचं माझ्यावरनं मन उडालं. मग तिनं म्हणायचं सोडलं. त्यानंतर जेवताना बोलायचं सोडलं. मीही सोडलं.

मध्येच ती कधी आवाज चढवायची. ओरडणाऱ्या माणसाचा आवाज मला कमी पोचायचा आणि चेहरा जास्त. ताणलेल्या शिरा, वर गेलेल्या भुवया. ती साखर संपली म्हणून सांगत असायची आणि मला दिसायचं भांडण. मीही ताडकन काहीतरी बोलायचो. एका खोलीत दोन माणसं, आणि दोघांनाही पक्कं वाटत होतं की दुसरा रुसलाय. अशी दोनेक वर्षं गेली. बोलायचं तेवढं माझं कारखान्यात होत होतं, तिचं कुणाशी होत होतं मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

बारसं

ज्योतीला मुलगा झाला. बारशाला वैरागला गेलो. मंडपात पुरुष गोल करून बसले होते. अशा ठिकाणी माझं एक तंत्र बसलेलं होतं, सगळे हसले की आपण हसायचं. थोडं मागून, पण मनापासून हसल्यासारखं. त्या दिवशी ज्योतीचे चुलतसासरे काहीतरी सांगत होते. मिशीचा माणूस, ओठ दिसत नव्हते. शेजारच्याच्या चेहऱ्यावर मला दात दिसले, मी हसलो. मोठ्यानं हसलो.

ते त्यांच्या थोरल्या भावाचं शेवटचं आजारपण सांगत होते.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला कळेना काय झालं. असं गर्दीत एकटं पडणं मी आधी कधी अनुभवलं नव्हतं, आणि पुढं ते रोजचंच झालं. ज्योती मला हाताला धरून घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मी उभा राहिलो, मला वाटलं बाळाचं काही दाखवायचं असेल. बराच वेळ काहीच होईना म्हणून वळून बघितलं तर ती माझ्या पाठीशी उभी होती आणि रडत होती. तिनं मला चार वेळा हाक मारली होती.

पुठ्ठा

सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात ज्योती घेऊन गेली. सुमनही आली. कान तपासायच्या खोलीत एक बाई माझ्यासमोर बसल्या, म्हणाल्या, मी बोलते ते तुम्ही पुन्हा म्हणा. घर. मी म्हणालो, घर. पाणी. मी म्हणालो, पाणी. सगळे शब्द बरोबर आले. मी ज्योतीकडं जरा ऐटीत बघितलं.

बाईंना काहीतरी शंका आली. त्यांनी विचारलं, काम काय करता. मी सांगितलं. त्यांनी टेबलावरचा एक पुठ्ठा उचलला आणि तोंडासमोर धरला.

मी वाट बघत बसलो. त्यांचे डोळे माझ्याकडं, पुठ्ठा तोंडावर. मला वाटलं, या कधी सुरू करतात. मग मी ज्योतीकडं बघितलं. तिनं ओढणी तोंडाला लावली होती. बाई केव्हाच्या बोलत होत्या.

माझा आजार मला डॉक्टरांनी सांगितला, पण कळला तो त्या पुठ्ठ्याजवळ. तोवर मी स्वतःला ऐकू येणारा माणूस समजत होतो.

डॉक्टरांनी मास्क खाली घेऊन सावकाश सांगितलं. पडद्याच्या आत जी जागा असते तिथं चामडी जायला नको, माझी गेली होती. ती तिथं वाढते, साठते आणि हाड खाते. नाव मोठं आहे, कोलेस्टिॲटोमा. ऐकायची बारीक हाडं तिनं खाल्ली होती, तोल सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोचली होती, तीच माझी चक्कर. तसंच ठेवलं तर पुढं मेंदू आहे. ऑपरेशन करायलाच पाहिजे.

मी विचारलं, ऐकू येईल का.

ते म्हणाले, "हा तुमचा शेवटचा कान आहे. जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवेन. वचन देत नाही."

रिक्षात ज्योती आईला सांगत होती. माझ्यासमोरच सांगत होती त्यामुळं मला सगळं दिसलं. "आई, आप्पांना ऐकूच येत नव्हतं गं." सुमननं तोंड फिरवलं आणि घर येईपर्यंत रस्त्याकडं बघत राहिली. ती काही बोलली की नाही, बोलली तर काय, मला काहीच कळलं नाही.

मागायची लाज

ऑपरेशनच्या तारखेपर्यंत मध्ये काही दिवस होते. त्या कानात तेव्हा थोडी धुगधुगी होती. अगदी कानाशी तोंड आणलं तर शब्द कळायचे. तेवढ्या दिवसांत मी वेड्यासारखा ऐकत फिरलो. कुकरजवळ कान नेऊन शिट्टी ऐकली. मागाच्या चौकटीला कान लावला, नरसय्यानं ओढून बाजूला केलं, चांगलीच शिवी घातली, ती मला दिसली. नातवाला वैरागहून आणलं होतं, तो कानाशी रडला की मला बरं वाटायचं आणि ज्योती मला येड्यात काढायची.

पण मला खरं ऐकायचं होतं ते वेगळंच होतं. सुमननं एकदा "लवकर या" म्हणावं. बस. एकदा कानात पडलं की मग काय व्हायचं ते होऊ दे.

मागून घेता येईना. काय म्हणणार, माझ्या कानाशी ये आणि लवकर या म्हण? आमच्यात असलं कुणी बोलत नाही. आणि आता सगळं उलगडलं होतं तरी तिचं बोलणं काही परत आलं नव्हतं. ताट वाढायची, गोळी पुढं करायची, कपाळाला हात लावून बघायची. तोंडाची सवय मोडली की मोडते. माझीही मोडली होती. आम्ही दोघं त्या खोलीत एकमेकांची काळजी घेत गप बसून होतो, आणि त्या दिवसांइतका एकटा मी नंतर बहिरा झाल्यावरही झालो नाही.

मागायला आलेली मुलगी

भरती झालो त्या दिवशी एक मुलगी भेटायला आली. अनघा नाव. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. समोर स्टूल ओढून बसली आणि ज्योतीकडं न बघता माझ्याशीच बोलली, हे मला आवडलं. लोक हल्ली माझ्याबद्दल ज्योतीला विचारायचे, मी तिथं बसलेला असलो तरी.

तिचं म्हणणं असं होतं. ऑपरेशनमध्ये डॉक्टर खराब भाग काढून टाकणारच आहेत. त्यातला कणभर आणि आतल्या चांगल्या अस्तरातला कणभर तिला पाहिजे होता. ती त्या पेशी बशीत वाढवणार होती. मला वाटलं मटकी भिजवल्यासारखं असेल. ती हसली, म्हणाली, जवळपास तसंच, फक्त मटकीपेक्षा नखरे जास्त.

मी विचारलं, वाढवून बघायचं काय त्यात.

तिनं सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो, चूक असेल तर माझी. आपल्या प्रत्येक पेशीत सगळा मजकूर असतो. डोळ्याचा, कातडीचा, कानाचा, सगळाच. पण प्रत्येक पेशी त्यातला आपल्यापुरता भाग वाचते, बाकीचा मिटून ठेवते. आजारी कानात हे वाचणं बिघडतं. नको ते मोठ्यानं वाचलं जातं, पाहिजे ते वाचलंच जात नाही. कुठला भाग कधी वाचला जातो हे त्यांना बशीतल्या पेशींमध्ये बघायचं होतं, कारण जित्या माणसाच्या कानात रोज डोकावता येत नाही.

मला आमचे जेकार्डचे पत्ते आठवले. चादरीवर फूल उठवायचं तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर टांगलेली असते. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. दोरा तोच, माग तोच, आणि पत्ता वाकडा बसला की मोराच्या जागी भलतंच काहीतरी येतं. मी तिला ते सांगितलं. तिला एकदा कारखाना बघायचा होता. ये म्हणालो.

मग ती म्हणाली, "काका, याचा तुम्हाला काही उपयोग होणार नाही. झाला तर पुढं कधीतरी दुसऱ्या कुणाला होईल. नाही म्हणालात तरी ऑपरेशन तसंच होईल."

मी दोन बोटं छातीवर टेकवली. तिला ते कळलं नाही म्हणून मग हो म्हणालो.

चपला

सकाळी मला हिरवा झगा घातला. ट्रॉली आली. ज्योती बाळाला घेऊन दारात उभी होती. सुमन पुढं आली, ट्रॉलीजवळ वाकली आणि डाव्या कानाशी तोंड आणलं. मी डोळे मिटले, म्हटलं आता.

ती म्हणाली, "तुमच्या चपला पिशवीत घातल्यात. हितं सोडल्या की जात्यात."

मी डोळे उघडले. ती सरळ उभी राहिली होती. ट्रॉली हलली. चपला! लिफ्टमध्ये मला इतका संताप आला की भीती वाटायची राहून गेली, एवढाच त्याचा फायदा. आत दिव्याखाली नेलं, कुणीतरी हाताला सुई लावली. मास्कवाले चेहरे माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाले, ते मला ना ऐकू आलं ना दिसलं.

डाव्या कानात शेवटचं पडलेलं वाक्य ते. चपलांचं.

मास्क

शुद्धीवर आलो तेव्हा डोक्याला पट्टी होती आणि जग बंद होतं. शांतता म्हणतात तसलं काही नव्हतं ते, आत एक माग सारखा चालू होता. पण बाहेरचं काही येत नव्हतं.

दवाखान्यात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असं कुणी विचारलं तर मी सुया सांगणार नाही, मास्क सांगेन. प्रत्येकाचं तोंड झाकलेलं. नर्स यायच्या, भुवया हलायच्या, हात हलायचे, मग माझ्या दंडात काहीतरी टोचलं जायचं. सकाळी अंग पुसणं, मग बीपी, मग नाश्ता, मग डॉक्टरांची फेरी. घोळका यायचा, माझ्या कानाबद्दल बोलायचा आणि पुढच्या पलंगावर जायचा. मी प्रत्येकाच्या डोळ्यांत काय चाललंय ते शोधायचो. आयुष्यभर ज्या जोरावर मी निभावलं होतं तेच त्यांनी कापडाखाली झाकलं होतं.

एक नर्स होती, अक्कलकोटकडची असावी. तिच्या ध्यानात आलं. ती पलंगापासून जरा लांब उभी राहायची, मास्क हनुवटीवर ओढायची, म्हणायची, "आजोबा, सुई," आणि परत मास्क वर. तेवढंच. मी आजोबा नव्हतो दिसायला, पण तिला माफ केलं. तिची ड्युटी नसली की दिवस जात नव्हता.

पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी बसवून सांगितलं. आजार सगळा काढला. तोंड वाकडं झालं नाही, डोकं वाचलं. पण आतल्या कानापर्यंत तो गेलेला होता, तिथलं ऐकणं राहिलं नाही. वर्षानं पुन्हा उघडून बघावं लागेल, परत वाढत नाही ना म्हणून. यंत्राचं पुढं बघू. ते मान खाली घालून बोलायला लागले, मग आठवण झाली तसं वर बघून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. भला माणूस.

मला रडू आलं ते घरी आल्यावर. दारात सुमननं पिशवीतून चपला काढून खाली ठेवल्या तेव्हा.

घरी

तोल जातो म्हणून मालकानं मागावर उभं राहायला मनाई केली. चादरींच्या घड्या घालायला बसवलं. कारखान्यात शिरलो त्या पहिल्या दिवशी नरसय्यानं लांबूनच विचारलं, कसा आहेस. मी सांगितलं, बरा. दोघांची दोन दोन बोटं छातीवर. त्या शेडमध्ये मी होतो तसाच होतो, बाकीच्यांसारखाच. पाळी सुटली की फाटकाबाहेर माझा बहिरेपणा सुरू व्हायचा. रिक्षावाला मागून येऊन शिव्या द्यायचा. दुकानदार दुसऱ्यांदा सांगायला वैतागायचा. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना एवढंच सांगतो, समोर या, उजेडात उभे राहा आणि ओरडू नका. ओरडलात की आम्हाला फक्त तुमचा राग दिसतो.

सुमन समोर येऊन बोलायला लागली. भाकरी वाढू का, गोळी घेतली का, ज्योतीचा फोन आहे. मोजकंच. मी छातीला बोटं लावायचो. हे काय म्हणून तिनं कधी विचारलं नाही, पण काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, बोटं लागल्याशिवाय ती जागची हलत नाही.

पाळीला निघताना मात्र ती ओट्याकडंच तोंड करून उभी असायची. मी चपला घालताना तिच्या पाठीकडं बघायचो. आता ती काही म्हणत होती का, हे मला कधीच कळणार नव्हतं.

व्हिडिओ

दिवाळीनंतर तपासणीला गेलो. बाकावर नंबराची वाट बघत आम्ही दोघं बसलो होतो. अनघा दुसऱ्या कुणाचा नमुना न्यायला आली होती, मला बघून आली. फोन काढला आणि म्हणाली, काका, काहीतरी दाखवते.

पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी होतं. नीट बघितलं तर हलत होतं. बारीक बारीक केस, शेकड्यांनी, सगळे एका बाजूला वाकत होते, पुन्हा उभे राहत होते, पुन्हा वाकत होते. मधल्या कानाच्या चांगल्या अस्तराला असे केस येतात, ती म्हणाली, ते सारखं आत साचलेलं बाहेर झाडत असतात. बशीत वाढायला त्यांना कित्येक आठवडे लागले.

माझे आहेत का, मी विचारलं.

ती म्हणाली, नमुन्यावर नाव नसतं, त्यामुळं सांगता येत नाही. मग म्हणाली, "पण त्या आठवड्यात सोलापुरातून मी एकच डबा नेला होता."

बघत राहिलो मी. कान नाही, डोकं नाही, माणूस नाही, आणि ते आपले झाडतायत. कुणाला ऐकवायचं म्हणून झाडतायत? पुण्यात कुठल्यातरी कपाटात, काचेच्या बशीत, एकटेच. मला भडभडून आलं. आणि एकदम ध्यानात आलं, सुमन कानाशी वाकली तेव्हा हे तिथंच होते. ते चपलांचं वाक्य यांच्यावरूनच आत गेलं. त्यानंतर त्यांच्याजवळ कुणी काही बोललं नाही, तासाभरात त्यांना काढून बर्फात ठेवलं.

सुमननं अनघाला काहीतरी विचारलं. अनघानं मान हलवली, मग माझ्याकडं वळून सांगितलं, "काकू विचारतायत, या केसांना ऐकू येतं का. नाही म्हणाले मी." तेवढ्यात तिला आतून बोलावणं आलं. फोन सुमनच्या हातात देऊन ती आत गेली.

सुमन फोन धरून बसली. मला वाटलं बघत असेल. मग तिनं तो तोंडाजवळ नेला. माझ्याकडं तिची अर्धी पाठ होती, पण समोर औषधांच्या खिडकीची काच होती आणि काचेत तिचं तोंड मला स्वच्छ दिसत होतं. आयुष्यभर मी ओठ वाचलेत. काचेतलेही वाचता येतात.

ती म्हणत होती, "मी रुसले न्हवते. त्या दिशी चपलांचं सांगायचं न्हवतं मला. लवकर या म्हणायचं हुतं. हुईना झालं तोंडातनं."

केस हलत होते. ती त्यांच्याकडं बघत होती. मग तिनं पदरानं पडदा पुसला, फोनचा, आणि मान वर केली. काचेत आमची नजरानजर झाली.

मी दोन बोटं छातीवर टेकवली.

तिला कळायला जरा वेळ लागला. मग ती माझ्याकडं वळली, पूर्ण समोर, आणि तिनं विचारलं, "समदं?"

"येतो की," मी म्हणालो. आवाज किती मोठा निघाला मला काय ठाऊक. बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली होती.